जमिनीला कान लावणारी मुलं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "वीस-पंचवीस मिनिटं बोल, पण तू नेमकं काय करतोस ते एकदाचं कळू दे." सकाळपासून नाश्त्याच्या रांगेत मला तिघांनी विचारलं, "तू म्हणे कॉलेजच्या मुलांना घेऊन माळावर जातोस आणि जमिनीवर घण मारायला लावतोस. खरं का?" खरं आहे. गेली सव्वीस-सत्तावीस वर्षं मी तेच करतोय आणि त्याचा पगारही घेतोय. आमच्या आईला शेवटपर्यंत हे पटलं नव्हतं. "घण मारायला एवढं शिकायला कशाला लागतं? वडाराची पोरं न शिकता मारतात," असं ती म्हणायची. तर आज त्या घणाविषयीच बोलतो. पण त्याची सुरुवात याच शाळेत झाली, म्हणून आधी शाळेत येतो.

१९८३ चा पावसाळा आठवा. आपण नववीत होतो. भातसा धरणात पाणी चढत होतं आणि खर्डीच्या बाजूला जमीन हलायला लागली होती. आधी बारीक बारीक धक्के. फडताळातली भांडी वाजायची, खुंटीवरचा कंदील हलायचा, कुत्री एकदम भुंकायला लागायची. मग १५ सप्टेंबरला मोठा धक्का बसला, पाचाच्या थोडा आतला. भाद्रपद होता, शेतात भात पोटरीला आलं होतं, आणि माणसं पावसात पडवीत झोपत होती, कारण आत झोपायची कुणाची हिंमत नव्हती. कुणी म्हणायचं भातसा फुटणार, कुणी म्हणायचं तानसा फुटणार. तानसा धरण १८९२ साली पुरं झालेलं, दगडी, पावणेतीन किलोमीटरहून लांब. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्याच्या दगडांच्या गोष्टी सांगितलेल्या. ते फुटेल असं म्हणणं म्हणजे डोंगर पडेल म्हणण्यासारखं होतं. तरी रात्री झोप यायची नाही.

त्या आठवड्यात विज्ञानाच्या तासाला सरांनी पुस्तक उघडलंच नाही. टेबलावर दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, एकीवर हात दाबला आणि दुसरी हळूहळू पुढे ढकलली. वही अडली, अडली, आणि एकदम सटकली. सर म्हणाले, "हा भूकंप. या दोन वह्यांमधली ही फट, तिला भ्रंश म्हणतात. धरणाचं पाणी वरून वजन टाकतं आणि फटीत मुरतं, त्यामुळे अडकलेली वही सुटायला मदत होते." कोयनेचं उदाहरणही त्यांनी तेव्हाच दिलं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, ६.३ चा भूकंप, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. मागच्या बाकावरून मी विचारलं, "सर, आपल्याकडे ही फट कुठे आहे?" सर म्हणाले, "ते वरून दिसत नाही रे. शास्त्रज्ञ यंत्रं लावून ऐकतायत. कळलं की सांगेन."

सर आज समोर बसलेत. सर, तुमचं हे वाक्य मी चाळीस वर्षं डोक्यात घेऊन फिरतोय. ऐकतायत म्हणजे काय करतायत, हे मला कळेना, आणि ते कळून घ्यायच्या नादात मी भूगर्भशास्त्राला गेलो.

आता भ्रंश म्हणजे काय ते थोडं नीट सांगतो, कारण पेपरात "भेग" हा शब्द सगळ्यालाच वापरतात. उन्हाळ्यात भातखाचराला पडते ती भेग वाळल्यामुळे पडते, पाऊस आला की मिटते. भ्रंश वेगळा. खडक तुटलेला असतो आणि तुटल्यावर एक बाजू दुसऱ्या बाजूच्या मानाने सरकलेली असते; वर, खाली किंवा आडवी. सरकली नसेल तर तो नुसता तडा. आपला सगळा मुलूख साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. माहुलीच्या कड्याकडे बघा, एकावर एक आडवे पट्टे दिसतात. तो प्रत्येक पट्टा म्हणजे लाव्ह्याचा एक लोंढा. दोन लोंढ्यांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पातळ थर सापडतो. चपात्यांची चवड समजा. ती चवड सुरीने कापून एक अर्धा भाग बोटभर खाली सरकवला, तर डाव्या बाजूची तिसरी चपाती उजव्या बाजूच्या दुसरीसमोर येईल. ही जुळणी चुकलेली दिसली की भ्रंश.

उघड्या कड्यावर हे डोळ्यांनी दिसतं. पण शहापूर-मुरबाडात कडे किती आणि खाचरं किती? सगळं मातीखाली, मुरमाखाली, रानाखाली झाकलेलं. वरून फक्त खुणा मिळतात. नाला सरळ रेषेत वाहतो आणि मध्येच काटकोनात वळतो. उन्हाळ्यात एकाच रांगेतली झाडं हिरवी राहतात. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत अनेक ठिकाणी काळ्या दगडाची भिंत रानातून सरळ गेलेली दिसते. ती डाइक. जुन्या तड्यांत नंतरचा लाव्हा शिरून थिजला, त्याची ती भिंत. आणि आपल्याच तानसा नदीच्या काठची अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं. आपली सहल तिथे गेली होती आणि कुणाची तरी चप्पल कुंडात पडली होती. ते पाणी खोल जाऊन तापतं आणि तड्यांच्या वाटेने वर येतं. अशी कुंडं कोकणात उत्तरेपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत एका पट्ट्यात आहेत. पनवेलच्या आसपास तर लाव्ह्याचे थरच समुद्राकडे वाकलेले आहेत. एवढ्या खुणा आहेत. पण खूण म्हणजे पुरावा नाही. पुरावा हवा तर खालचं ऐकायला लागतं.

ऐकायचं कसं? ते आपण सगळ्यांनी लहानपणी केलंय. मुंबईला पाणी नेणारे ते भले मोठे लोखंडी पाइप आठवतात ना? शाळा सुटली की एक जण पाइपाला कान लावून बसायचा आणि दुसरा पार लांब जाऊन दगडाने ठोकायचा. दोन आवाज यायचे. पहिला बारीक, पाइपातून. मग दुसरा, हवेतून. ठोका एकच, पण आवाज दोन. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादात सुमारे पाच हजार. शंभर मीटरवर ठोकलं तर पोलादातला आवाज सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पोचतो, हवेतल्याला सेकंदाचा जवळजवळ तिसरा भाग लागतो. माझं सगळं शास्त्र एवढ्यावर उभं आहे. कडक वस्तूतून लहर लवकर येते, मऊ वस्तूतून उशिरा.

मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. मग दुसरं उदाहरण देतो. तानशाच्या एखाद्या पाड्यावरून शेजारच्या पाड्यावर जायचं तर आपण पायवाटेने जातो. पण ठाण्याला जायचं तर आधी आटगावला हायवेवर येतो. वाट वाकडी होते, तरी आपण लवकर पोचतो, कारण हायवेवर गाडी पळते. जमिनीतली लहर तसंच करते. घण जमिनीवर मारला की जवळच्या जागी ती मातीतूनच पोचते. लांबच्या जागी मात्र खाली कातळात उतरून, कातळातून धावत जाऊन, पुन्हा वर येणारी लहर आधी पोचते. माती म्हणजे पायवाट आणि कातळ म्हणजे हायवे. या पद्धतीला अपवर्तन पद्धत म्हणतात. धरणांचे पाये तपासायला ती आपल्याकडे किती तरी वर्षं वापरात आहे. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचं ते नेहमीचं काम.

प्रत्यक्ष शेतावर काय होतं ते सांगतो. एका सरळ रेषेत पाच-पाच मीटरवर चोवीस जिओफोन रोवतो. जिओफोन म्हणजे मुठीएवढी डबी, खाली खिळा. आत चुंबक आणि स्प्रिंगला टांगलेलं तारेचं वेटोळं. जमीन हलली की चुंबक हलतं, वेटोळं जागेवर राहू पाहतं, आणि तारेत बारीकसा विजेचा झटका येतो. चोवीस डब्यांची एक लांब केबल, ती यंत्राला जोडलेली, यंत्र गाडीच्या बॅटरीवर. रेषेच्या टोकाला लोखंडी पत्रा ठेवायचा आणि त्यावर आठ-दहा किलोचा घण हाणायचा. घणालाच एक कळ बांधलेली असते, त्यामुळे ठोका पडल्या क्षणी यंत्राचं घड्याळ सुरू होतं. मग प्रत्येक डबीपाशी लहर किती मिलिसेकंदांनी आली ते पडद्यावर उमटतं.

ऐकायला सोपं वाटतं. पण घण मारायच्या वेळी सगळ्यांनी पुतळा व्हायचं असतं. चोवीस मुलं, शेताचा मालक, त्याची दोन पोरं, बांधावरची म्हैस. कुणी पाय हलवला की ते पडद्यावर दिसतं. लांबून मालगाडी गेली तर दिसते. वारा सुटला की गवत जिओफोनला घासतं, ते दिसतं. म्हणून एकाच जागी आठ-दहा वेळा घण मारून ते सगळे ठोके यंत्रात एकावर एक रचतो. ठोका दर वेळी त्याच ठिकाणी येतो म्हणून तो वाढत जातो. म्हशीचा पाय दर वेळी वेगळ्या वेळी हलतो, तो पुसट होतो. मुलांना ही गोष्ट फार आवडते. आणि हो, घण मारायला मुलगे पुढे सरसावतात, तीन ठोक्यांत दमतात. शेतावर वाढलेल्या मुली शांतपणे वीस ठोके मारतात, आणि पत्र्याच्या मधोमध मारतात.

मग आलेख काढायचा. आडवं अंतर, उभा वेळ. आपल्याकडे वरची माती घ्या, लहर सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास. झिजलेला मुरूम, हजार ते दोन हजार. चांगला काळा कातळ, चार हजार आणि वर. आलेखाचे ठिपके आधी तिरके चढतात आणि मग जवळजवळ आडवे होतात. जिथे वळतात, त्यावरून कातळ किती खोल आहे ते निघतं. आता समजा, खाली भ्रंश आहे आणि पलीकडचा कातळ चार मीटर खाली गेलाय. तर त्या बाजूच्या डब्यांना लहर साधारण आठ मिलिसेकंद उशिरा मिळते, कारण वर येताना चार मीटर जास्त माती लागते. एका रांगेत चाललेले ठिपके एकदम आठ मिलिसेकंदांची पायरी चढतात. पापणी लवायला याच्या दसपट वेळ लागतो. डाइक असेल तर उलट, लहर थोडी आधीच हजर होते. आणि भ्रंशाशी खडकाचा चुरा झाला असेल तर तिथे तिचा वेग पडतो, आवाजही दबतो.

एवढं सगळं मला नीट येत होतं. तरी मी चुकलो. ते आज इथे सांगायचं ठरवून आलोय, कारण चूक आपल्याच तालुक्यात झाली.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याकडची परिस्थिती तुम्हाला सांगायला नको. तानसा, वैतरणा, भातसा आपल्या उशाला, त्यांचं पाणी मुंबईला, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्या पाड्यांवर टँकर. त्या पाड्यावर दर उन्हाळ्यात बायका तासभर चालून झऱ्यावर जायच्या आणि वाटीने हंडा भरायच्या. मी दर वर्षी मुलांना सरावाला नेतो, तर त्या वर्षी तिथे नेलं. हिशोब असा, की कातळात कुठे भ्रंश किंवा फुटलेला पट्टा सापडला तर त्या चुऱ्यात पाणी साठलेलं असू शकतं. अखंड बेसॉल्टमध्ये पाणी नसतंच, ते तड्यांत आणि झिजलेल्या थरात असतं.

दिवसभर एक रेषा मारली. संध्याकाळी पडद्यावर सुरेख पायरी आली. शेवटचे सात जिओफोन, आठ मिलिसेकंद उशीर. मला इतका आनंद झाला! मुरबाडकडची एक विद्यार्थिनी होती. ती म्हणाली, "सर, रेषा बांधावर संपलीय. बांधापलीकडे आणखी बारा डब्या लावून बघू या का? पुढे हा उशीर तसाच राहतो की परत कमी होतो ते कळेल." मी घड्याळ बघितलं, सूर्य बघितला, आणि म्हणालो, "गरज नाही. इतकी स्वच्छ पायरी मी वर्षात बघितली नाही." पाड्यावरची माणसं भोवती उभी होती. त्यांना मी बोट दाखवून सांगितलं, "इथे."

त्यांनी वर्गणी काढली. कुणी भात विकलं, कुणी वीटभट्टीवरची उचल त्यात घातली. पायरीच्या कडेला बोअर मारली. दोनशे फूट. पांढरी धूळ वर आली, पाण्याचा थेंब नाही.

मी धावत गेलो. लोक काही बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एक म्हातारे बाबा बांधावर बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते म्हणाले, "तिथं सडकेच्या टायमाला मुरूम काढलेला. ही मोठी खदान होती. मी सोता पाट्या उचलल्यात. मग गाळानं भरली, आता शेत झालंय." मी म्हणालो, "बाबा, तुम्ही आधी का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "तुमी इचारलं कुठं?"

खदान. चारेक मीटर खोल, गाळाने भरलेली. म्हणून लहर उशिरा येत होती. बांधापलीकडे बारा डब्या लावल्या असत्या तर खदानीचा दुसरा काठ आला असता, उशीर पुन्हा कमी झाला असता, आणि ही पायरी नसून खड्डा आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्या मुलीला ते कळलं होतं. भ्रंश असेल तर उशीर पुढे तसाच राहील, खड्डा असेल तर परत फिटेल, इतका साधा विचार. मला तो सुचला नाही असं नाही. सुचायला नको होता. मला भ्रंश हवा होता.

पुढच्या तासाला मी सगळ्या वर्गासमोर तो आलेख लावला आणि त्या मुलीची माफी मागितली. माझी बायको इथे आहे, ती सांगेल, मला माफी मागायची सवय फारशी नाही. पण आपल्या सरांची एक गोष्ट आठवली. आठवीत फळ्यावर गणित चुकलं होतं आणि आपल्यातल्याच एकाने ते दाखवलं. सरांनी फळा पुसला नाही. चुकीच्या ओळीखाली रेघ मारली, "माझी चूक इथे झाली" असं म्हणाले आणि पुढे गेले. मीही तो आलेख पुसला नाही. आजही प्रत्येक नव्या वर्गाला तो पहिला आलेख दाखवतो.

तेव्हापासून माझ्या शिकवण्याचा क्रम बदलला. पहिल्या दिवशी यंत्र गाडीतून काढायचं नाही. नुसतं चालायचं, आणि प्रत्येक गटाने गावातल्या तीन वयस्कर माणसांशी बोलून यायचं. विहीर कुठे खणली होती, खदान कुठे होती, नाला पूर्वी कुठून जायचा, कुठल्या विहिरीला कुठल्या महिन्यापर्यंत पाणी. मुलं पहिल्यांदा लाजतात, मग तासन् तास बसतात. दुसरं, रेषेच्या दोन्ही टोकांना घण मारायचा. खालचा कातळ उतरता असेल तर एका बाजूने लहर मंद वाटते आणि दुसऱ्या बाजूने वेगवान. एकच टोक ऐकलं तर फसगत होते. तिसरं, एका रेषेवर भ्रंश जाहीर करायचा नाही. भ्रंश लांब असतो. शेजारी शंभर मीटरवर दुसरी रेषा, पुढे तिसरी; तिन्हींवर पायरी एका सरळ ओळीत आली पाहिजे. खड्डा असेल तर शेजारच्या रेषेवर नाहीसा होतो. आणि चौथं, पाण्याचा प्रश्न असेल तर घणाच्या जोडीला जमिनीत वीज सोडून तपासायची रेझिस्टिव्हिटीची पद्धतही करायची. दोन्ही साक्षीदार एकच बोलले तरच पुढे जायचं.

शेवटचा नियम मुलांना सर्वांत जड जातो. अहवालात "भ्रंश आढळला नाही" असं लिहिलं तर पूर्ण गुण. सुरुवातीला कुणाचा विश्वास बसत नाही. मुलांना वाटतं, सर एवढ्या लांब घेऊन आले म्हणजे इथे काहीतरी सापडायलाच पाहिजे. मग ठिपक्यांमधून ओढूनताणून पायरी काढतात. मी त्यांना पाड्यावरच्या दोनशे फूट कोरड्या बोअरची गोष्ट सांगतो. त्यानंतर हात जरा सावकाश चालतो.

त्या पाड्यावर आम्ही दोन वर्षांनी परत गेलो. मला जायची लाज वाटत होती, मुलांनीच रेटलं. या वेळी तीन रेषा, दोन्ही टोकांनी ठोके, आणि बाबा खाटेवर बसून देखरेखीला. नाल्याच्या खालच्या अंगाला तिन्ही रेषांवर एक मंद पट्टा सापडला, एकाच दिशेने जाणारा. पायरी नव्हती, म्हणजे त्याला भ्रंश म्हणता येत नव्हतं, आम्ही म्हटलंही नाही. फुटलेल्या खडकाचा पट्टा, एवढंच लिहिलं. तिथे बोअर न मारता साधी विहीर खणली. पाणी लागलं. आज त्या विहिरीला एप्रिलच्या मध्यापर्यंत पाणी असतं. मेमध्ये टँकर येतोच, ते मी लपवत नाही. पण फेब्रुवारीपासून चालणाऱ्या बायका आता एप्रिलपर्यंत घरापाशी पाणी भरतात. बाबा आता नाहीत. त्यांचा नातू यंदा अकरावी सायन्सला आहे.

आता तुम्ही सकाळी विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. "मग तुझ्या यंत्राने भूकंप कधी होणार ते कळतं का?" नाही. घणाने फार तर पंधरा-वीस मीटरपर्यंतचं कळतं, भूकंप काही किलोमीटर खाली होतात. शिवाय सापडलेला भ्रंश मेलेला आहे की जागा आहे, हे घण सांगत नाही. आपल्या सह्याद्रीत कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजलेले तडे खूप आहेत. जागा भ्रंश ओळखायचा तर भूकंपमापकांचं जाळं लावून महिनोन् महिने ऐकत बसावं लागतं. १९८३ मध्ये आपल्याकडे तेच केलं. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत धक्के सुरू झाले तेव्हाही हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तिथे यंत्रं बसवली. त्या थंडीत धुंदलवाडीच्या बाजूला माणसं तंबूत झोपत होती. ते फोटो पेपरात बघितले आणि मला आपली पडवी आठवली. कोयनेच्या खोऱ्यात तर गोठण्याला तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून शास्त्रज्ञ भ्रंशाच्या जवळ जायचा प्रयत्न करतायत. इतकं करूनही दिवस आणि वेळ कुणी सांगू शकत नाही. कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

जे करता येतं ते वेगळं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मी तिथे गेलो होतो, तेव्हा नुकताच शिकून बाहेर पडलो होतो. शेतातून जमीन उचलल्यासारखी एक रेघ गेली होती, गुडघ्याएवढीच. मी आयुष्यात पहिल्यांदा ताजा भ्रंश बघितला. पण माणसं त्या रेघेने मेली नव्हती. ती मेली जाड दगडांच्या, मातीत रचलेल्या भिंतींखाली, झोपेत. जवळजवळ दहा हजार माणसं. तेव्हापासून वर्गात भ्रंश शिकवून झाला की मी एक तास घराच्या भिंतींवर घेतो. कोपऱ्यांना बांधून घेणारे दगड, दाराखिडक्यांच्या वरून फिरणारा सिमेंटचा पट्टा, छपरावर कमी वजन. आपल्याकडे कुडाच्या घरांनी १९८३ ला जे सोसलं, ते उगीच नव्हे. कारवीचा कूड हलतो, पण अंगावर कोसळत नाही. आता सगळीकडे विटांची घरं झाली, तर हा पट्टा घालायला विसरू नका.

शेवटी एक विनंती करतो आणि थांबतो. येत्या डिसेंबरात भातकापणी झाली की मी माझं यंत्र घेऊन आपल्या शाळेच्या मैदानावर येतो. मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. नववीच्या मुलांकडून एक रेषा मारून घेऊ, दोन्ही टोकांनी. आदल्या दिवशी त्यांनी गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून यायचं, की मैदान करायच्या आधी तिथे काय होतं. आपल्यातल्या ज्यांना जमेल त्यांनी यावं. चोवीस डब्या आहेत, प्रत्येकीपाशी एक माजी विद्यार्थी उभा करीन. अट एकच, घण पडताना हलायचं नाही आणि बोलायचं नाही. आपल्या बॅचला ते कितपत जमेल याची मला शंका आहे, पण नववीतली मुलं आपल्याला गप्प करतील.

सर, तुम्ही म्हणाला होतात, कळलं की सांगेन. मैदानाखाली काही आहे की नाही ते डिसेंबरात कळेल. काही नसेल, तर मुलं तसंच लिहितील. तो अहवाल वाचायला तुम्ही यावं, एवढंच मागणं आहे. गाडी मी पाठवतो.